पक्ष्यांसाठी थोडी पेरणी, थोडे गवत

वडोदरा जिल्ह्यातील सावली तालुक्याच्या पश्चिमेला मही नदी वाहते. काठावर घळी, आत कापूस, तूर, एरंडी, बाजरीची शेते आणि मंजुसरकडे वाढत जाणारी औद्योगिक वसाहत, असा हा मुलूख आहे. तितर, लावा, टिटवी, चंडोल हे अशा मोकळ्या रानाचे पक्षी. ते घरटी जमिनीवरच करतात, त्यामुळे त्यांचे भवितव्य शेतकऱ्याच्या साध्या निर्णयांवर ठरते: बांध किती रुंद ठेवायचा, तणनाशक कुठवर फवारायचे, गायरानातले गवत कधी कापायचे. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या अहवालात माळरानावरच्या पक्ष्यांची घट ठळकपणे दिसते. त्यांना वाचवायचे तर अभयारण्ये पुरणार नाहीत. शेतातच त्यांचा वाटा राखावा लागेल.

हा वाटा म्हणजे नुसते दाणे टाकणे नव्हे. दाणे खाणारे बहुतेक पक्षी पिलांना मात्र सुरुवातीला किडे भरवतात, कारण वाढत्या शरीराला प्रथिने लागतात. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात १९६८ पासून डिक पॉट्स यांनी करड्या तितरांचा अभ्यास केला. तणनाशकाने तण गेले, तणावरचे किडे गेले आणि पिले उपाशी मरू लागली, हे त्यातून उलगडले. पुढे धान्याच्या शेताची फक्त कड फवारणीविना ठेवून पाहिली, तेव्हा पिले जगण्याचे प्रमाण वाढले. म्हणून पक्ष्यांसाठीच्या शेतीला तीन गोष्टी लागतात: हिवाळ्यात बियांसाठी बाजरी-ज्वारीची न कापलेली एखादी ओळ, विणीच्या काळात किड्यांसाठी फवारणीविना कड आणि घरट्यासाठी धामण, मारवेल यांसारख्या गवतांचे बांध.

पक्षी पीक खातात, हा आक्षेप खरा आहे. पोपट आणि मुनिया कणसांवर उतरतात तेव्हा नुकसान होतेच. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी महाराष्ट्रातील कृषितज्ज्ञ शेतात पक्षीथांबे लावायला आणि पेरणीतच ज्वारीचे थोडे दाणे मिसळायला सांगतात, कारण त्यावर बसणारे कोतवाल आणि साळुंक्या अळ्या टिपतात. भावनगरजवळच्या वेळावदरच्या गवतात हिवाळ्यात भोवत्या पक्षी मोठ्या संख्येने मुक्कामाला असतात. दिवसा ते आसपासच्या रानात आणि शेतांत हिंडून नाकतोडे खातात. म्हणजे राखलेले गवत शेजारच्या कापसाच्याही कामी येते.

दुसरा आक्षेप जमिनीच्या टंचाईचा. छोट्या शेतकऱ्याने पिकाखालची जमीन सोडावी असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र बांध, पाटाची कड आणि गायरान आधीच आहेत. प्रश्न ते कसे सांभाळायचे हा आहे. सरकारी नकाशांत गवताळ माळाला बरेचदा पडीक जमीन म्हटले जाते आणि मग तिथे झाडे लावली जातात. मोकळ्या माळावर वावरणाऱ्या पक्ष्याला ती झाडी अडचणीची होते. त्याऐवजी गायरानातील गवत पावसाळ्यातली वीण आटोपल्यावर टप्प्याटप्प्याने कापले, तर जनावरांना चारा मिळतो आणि अंडीही वाचतात. जिथे शेतकऱ्याला खरी तोशीस पडते तिथे भरपाई द्यावी. मध्य प्रदेशातील सैलाना भागात तणमोर या माळरानावरच्या पक्ष्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना वनखात्याने बक्षिसे दिली आहेत. महीपलीकडच्या खेडा-आणंद भागात सारस भातखाचरांतच घरटी करतो. एका घरट्याने व्यापलेली जागा फार मोठी नसते, तिचे मोल समाजाने उचलणे अवघड नाही.

डभोईजवळचा वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधला. २०२१ मध्ये तोच पाणपक्ष्यांसाठी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. शेतीसाठी केलेली सोय पक्ष्यांच्याही उपयोगी पडते, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. सावलीतील ग्रामपंचायतींनी येत्या पावसाळ्याआधी गायरानाचा एक तुकडा गवतासाठी राखून ठेवावा आणि शेतकऱ्यांनी निदान एका बांधाला तणनाशकापासून दूर ठेवावे.