शिक्षकांना प्रशिक्षण हवेसे कधी वाटेल?

शनिवार पेठेतील शाळांपासून कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद जवळच आहे. तरी प्रशिक्षण म्हटले की अनेक शिक्षकांना आधी आठवते ती वेतनश्रेणी.

नियम काय? १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण आवश्यक असते.

धोरण काय सांगते? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास, स्वतःच्या आवडीनुसार शिकावे. म्हणजे आठवड्याला साधारण एक तास.

ओढ कशी वाटेल? हा तास शाळेच्या वेळापत्रकातच हवा, रविवारी नको. विषय शिक्षकाने निवडावा. मुले अपूर्णांकात कुठे अडतात, हे अनुभवी सहकाऱ्याचा तास पाहून उमगले, तर तेही प्रशिक्षण मानावे. शिकलेले उद्याच्या वर्गात उपयोगी पडले, की सक्ती लागत नाही.