चार किलो फिनॉल आणि मुंबईचं पाणी

मुंबईला रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्या सगळ्या पाण्याला फिनॉल या रसायनाच्या मर्यादेवर आणून ठेवायला किती फिनॉल पुरेल? फक्त चार किलो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम फिनॉल चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर दुप्पट. एवढी काटकसर का? क्लोरीनशी गाठ पडली की फिनॉलचं क्लोरोफिनॉल होतं आणि पाण्याला दवाखान्याची चव येते. १९८४ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या डी नदीत फिनॉल मिसळलं, तेव्हा सुमारे २० लाख लोकांच्या नळाला असं पाणी आलं.

आता दुसरं टोक पाहा. कोळशापासून वायू करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात लिटरमागे पाच ग्रॅम फिनॉल असू शकतं, म्हणजे मर्यादेच्या ५० लाख पट! ते काढायला पाण्यात सॉल्व्हंट घुसळतात. समजा बेन्झिन घेतलं, पाण्याच्या एक दशांश. तेवढ्याच बेन्झिनने कितीही वेळा घुसळा, पाव हिस्साही फिनॉल निघणार नाही, कारण बेन्झिनमध्ये फिनॉलचं प्रमाण पाण्यातल्यापेक्षा जेमतेम सव्वादोन पट होतं. एमआयबीके या सॉल्व्हंटमध्ये ते साधारण शंभरपट होतं. पाणी वरून खाली, तेवढंच (एक दशांश) हलकं सॉल्व्हंट खालून वर, अशी उलटी भेट घडवली की एका टप्प्यात पाण्यात उरतो अकरावा भाग. दोन टप्प्यांत १११ वा, तीन टप्प्यांत १,१११ वा, चारांत ११,१११ वा. गणित आदर्श टप्प्यांचं आहे, पण काय देखणं आहे!

मेख पुढेच आहे. एमआयबीके स्वतःही पाण्यात विरघळतं, जवळपास दोन टक्के. पाच ग्रॅम काढायला गेलो आणि लिटरमागे सतरा-अठरा ग्रॅम नवं घालून बसलो! म्हणून मग वाफ सोडून ते परत खेचायचं. फिनॉल मात्र फुकट जात नाही: सॉल्व्हंट ११६ अंशांच्या आसपास उकळतं, फिनॉल १८२ ला, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने दोन्ही वेगळी होतात. रोज १० लाख लिटर सांडपाणी असेल तर पाच टन फिनॉल हाती लागतं, प्लायवुडच्या रेझिनला उपयोगी.

चार टप्प्यांनंतर उरतं लिटरमागे ०.४५ मिलिग्रॅम. नदीत सोडायची मर्यादा एक मिलिग्रॅम, म्हणजे कागदोपत्री पास. पिण्याच्या मर्यादेच्या मात्र अजून ४५० पट, आणि तिथून पुढचं काम सॉल्व्हंटचं नाही, जिवाणूंचं.