साखरेचा शिधा आणि घरचा आहार

एखाद्या कुटुंबाने साखर कमी केली आणि आपला आहार अखंड धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांवर आणला, तर त्या घरातील माणसांच्या प्रकृतीत कोणता फरक पडेल, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. संशोधनाच्या दृष्टीने मात्र तो विलक्षण अवघड आहे. स्वेच्छेने आहार बदलणारे कुटुंब बहुधा सुशिक्षित व सुस्थितीतील असते. ते फिरावयास जाऊ लागते, वैद्याचा सल्लाही वेळेवर घेते. सबब झालेल्या लाभाचे श्रेय नेमके कशास द्यावे, याचा उलगडा होत नाही. शिवाय मधुमेहासारखा विकार प्रकट होण्यास दशके लोटतात, आणि इतका काळ शेकडो घरांच्या ताटांवर पहारा ठेवणे कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यातील नव्हे.

जे प्रयोगशाळेस साधले नसते, ते एका युद्धाने घडवून आणले. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखरेचे नियंत्रित वाटप सुरू झाले. दरमाणशी आठवड्याला साधारणतः ८ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम, असा हा शिधा होता. मिठाईचे वाटप निराळे होई. युद्ध १९४५ मध्ये संपले, तथापि साखरेवरील नियंत्रण सप्टेंबर १९५३ पर्यंत टिकून राहिले. गव्हाची आयात करणाऱ्या जहाजांवरील भार हलका व्हावा म्हणून १९४२ मध्ये तेथे ‘नॅशनल लोफ’ नावाचा पावही आला. त्याच्या पिठात गव्हाच्या दाण्याचा सुमारे ८५ टक्के अंश राखलेला असे. तो करडा व जड होता आणि लोकांना मुळीच आवडला नाही. पौष्टिक म्हणून कोणी तो आनंदाने खाल्ला, असे इतिहास सांगत नाही.

साखर मुक्त होताच तिचा दरडोई दैनिक खप सुमारे ४१ ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्या आसपास गेला. या एकाएकी झालेल्या बदलाचा उपयोग टाडेया ग्राच्नर, क्लेअर बून आणि पॉल गर्टलर यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील आपल्या अभ्यासात करून घेतला. ऑक्टोबर १९५१ ते मार्च १९५६ या काळात जन्मलेल्या सुमारे ६०,००० व्यक्तींची आरोग्यविषयक माहिती त्यांनी तपासली. ज्यांचा गर्भावस्थेचा व आरंभीच्या बालपणाचा काळ नियंत्रणाखाली गेला, त्यांच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. विकार जडला तरी तो अनुक्रमे ४ व २ वर्षे उशिरा जडला. एकूण लाभाचा जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ गर्भावस्थेतील काळामुळे पदरात पडला, असेही दिसले. अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेली ही मुले. त्यांच्यातील भेद कोणाच्या शहाणपणाचा नसून जन्मतारखेचा होता, यातच या पुराव्याचे बळ आहे.

अर्थात हा निष्कर्ष जन्मापूर्वीच्या व लगतच्या काळापुरता आहे. पन्नाशीच्या गृहस्थाने चहातील साखर सोडली, तर त्यास याच प्रमाणात लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु ज्या घरात सून गरोदर आहे किंवा मूल रांगत आहे, त्या घराने आपला साखरेचा डबा कोणत्या आकाराचा ठेवावा, या प्रश्नास मात्र त्याने निश्चित वजन आले आहे.

डब्याचा हिशेब कठीण नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर लागत असेल, तर दरडोई रोजचे प्रमाण सुमारे ४२ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली असून, ५ टक्क्यांखाली गेल्यास अधिक बरे, असे तिने म्हटले आहे. २,००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. दोन वेळचा चहा, दर पेल्यास दोन चमचे, एवढ्यानेच त्यातील १६ ग्रॅम संपतात. बिस्किटे, सरबते आणि बाटलीबंद पेये वाण्याच्या यादीत ‘साखर’ या नावाखाली येत नाहीत, ही गोष्ट निराळीच.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. पुष्कळ घरे साखर बंद करून त्याच मापाने गूळ वापरू लागतात आणि पथ्य पाळल्याचे समाधान मानतात. गुळात काही खनिजे राहतात हे खरे. तथापि त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि उपरोक्त मर्यादेच्या गणनेत गूळ व मध दोन्ही धरावे लागतात. आलेल्यापुढे गूळपाणी ठेवण्याच्या जुन्या रीतीत गुळाचा खडा लहान असे. प्रकृतीला मानवत असे ते त्या लहानपणामुळे.

धान्याची बाजू याहून सरळ आहे. जावामध्ये क्रिस्तियान आइकमान यांनी १८९० नंतरच्या दशकात सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसदृश विकार पाहिला, आणि कोंड्यात काही जीवनावश्यक द्रव्य असल्याचा माग तेथून लागला. त्यांस १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दाणा जितका अखंड, तितके त्यातील पिष्टाचे पचन मंद. म्हणून अतिबारीक दळलेले पीठ कोंड्यासह असले, तरी ते सबंध दाण्याची बरोबरी करीत नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीचे पीठ आपल्याकडे सहसा चाळीत नाहीत. चाळणी चालते ती पोळीच्या कणकेवर.

अडचण साठवणीची आहे. कोंडा व अंकुर यांत तेल असते, त्यामुळे असे पीठ आणि विनापॉलिश तांदूळ लवकर खवट होतात. महिन्याचे सामान एकदम भरण्याची रीत येथे उपयोगी पडत नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी दळण टाकावे लागते. ते डोक्यावर अथवा पिशवीत घेऊन गिरणीत कोणी जावयाचे, हे ठरविताना घरातील स्त्रीलाच गृहीत धरले गेले, तर सकस आहाराचा हा प्रयोग दुसऱ्या महिन्यातच तयार पिठाच्या पिशवीकडे वळतो.