गाठींना मिळालेला गाभारा

देवळाच्या काळोख्या गाभाऱ्यात वाकून शिरावं, मान वर करावी आणि मूर्ती एकदम समोर उभी ठाकावी. त्या क्षणी दाटून येणारा धाक आपल्या शिल्पासमोरही जाणवावा, अशी मृणालिनी मुखर्जींची इच्छा होती. त्यांच्या प्रदर्शनांचा मागोवा घेताना मी हीच कसोटी लावतो.

1949 साली मुंबईत जन्मलेल्या मृणालिनीताई बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या. तागाचे दोर रंगवून, हातानं गाठी मारत त्यांनी ‘यक्षी’, ‘रुद्र’, ‘वनश्री’ उभ्या केल्या. पुढे त्या मातीकडे वळल्या आणि 2003 नंतर कांस्याकडे. जानेवारी 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पीटर नॅगी यांनी त्यांचं सिंहावलोकन मांडलं. ते चालू असतानाच, फेब्रुवारीत, त्या गेल्या.

म्हणून 2019 चं न्यूयॉर्कमधलं ‘फिनॉमिनल नेचर’ त्यांच्याविना मांडावं लागलं. जागा होती मेट ब्रॉयर: मार्सेल ब्रॉयर यांनी बांधलेली, 1966 साली खुली झालेली करडी वास्तू. वर काँक्रीटच्या चौकटींचं छत, खाली दगडी फरशी. अशा कठोर दालनात मऊ, घड्या पडलेली, माणसाहून उंच शिल्पं ठेवायची कशी? भिंतीला टेकवली तर पाठ झाकली जाते, आणि पाठीकडच्या गाठीही पुढच्याइतक्याच बोलतात. क्युरेटर शनय झवेरी यांच्या या मांडणीत छतापासून जमिनीपर्यंत पडदे सोडले होते. कापडाच्या वळणाआड पुढची आकृती दडून राहते आणि वळलं की समोर येते. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. दोरांच्या शिल्पांना गाभारा मिळाला, तोही विणलेल्या कापडाचा.

प्रकाशाचा पेच वेगळाच. रंगवलेले तंतू उजेडानं फिके पडतात, म्हणून संग्रहालयं त्यांच्यावर साधारण 50 लक्सइतकाच प्रकाश ठेवतात. कांस्याला असं पथ्य नाही. दोन्ही एकाच प्रदर्शनात मांडायची, तर प्रेक्षकाची नजर आधी मंद उजेडाला सरावू द्यावी लागते. ‘यक्षी’च्या घड्यांतला अंधार तर जपायलाच हवा, तिची अर्धी ताकद तिथेच आहे.

मुंबईत कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. तिथला जिना चढत घुमटाखालच्या मजल्यावर पोचावं आणि ‘वनश्री’ अवचित समोर यावी, हे एकदा अनुभवायचं आहे.