पाट्याचा कोयता आणि त्याचे पाणी

मालमोटारीच्या जुन्या पाट्याचा कोयता उत्तम, हा समज अर्धाच खरा आहे. पाट्याचे पोलाद जातिवंत असते, यात वाद नाही. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो. साध्या लोखंडी पट्टीत तो ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती कितीही तापवून विझवली तरी धार धरत नाही. पण पाट्याची चिवट लवचीकता कोयत्यात आपोआप उतरते, हे मात्र खोटे. पाटा भट्टीत नारिंगी होऊन घणाखाली आला, की कारखान्यात त्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून विझवण्याचा संस्कार, पार उतरते. उरते ते फक्त पोलादातले मिश्रण.

म्हणजे पाणी पुन्हा द्यायला हवे. सुमारे ८५० अंश सेल्सिअसला कार्बन लोहात विरघळलेला असतो. पाते झटकन विझवले, तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो, स्फटिकाची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होते. ते विलक्षण कठीण, आणि तितकेच ठिसूळ. म्हणून पाते लगेच पुन्हा मंद तापवायचे. कारखान्यात पाट्याला ही ऊब ४५० अंशांच्या आसपास देतात, कारण त्याला धार नको असते, लाखो वेळा वाकून सरळ व्हायचे असते. कोयत्याला २०० ते २५० अंश पुरतात. घासलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढतो तो याच टप्प्यावर. निळा दिसू लागला की धारेचा कठीणपणा उतरलाच.

पिढ्यान्‌पिढ्या पाण्यातच विझवत आलो, मग आता तेल कशाला? साध्या कार्बन पोलादाला पाण्याचा वेग लागतोच, तेव्हा जुनी रीत चुकीची नव्हती. पाट्यात मात्र मँगनीज आणि सिलिकॉन किंवा क्रोमियम असते. त्यांच्यामुळे पोलाद सावकाश थंड झाले तरी कठीण होते. पाण्याचा जादा झटका फक्त तडे देतो. विझवण्याआधी तापलेल्या पात्याचा रंग अनुभवी डोळ्याला कळतो, हेही मान्य. पण उन्हात तोच रंग फिका भासतो. चुंबक ७७० अंशांजवळ चिकटेनासे होते, ते उजेडावर अवलंबून नाही; तिथून थोडे वर गेले की विझवायचे. कानशीच्या पोलादात कार्बन १ टक्क्याहून जास्त, त्याची धार अधिक टिकेल, असेही कोणी म्हणेल. सुरीसाठी ते खरे आहे. बुंध्यावर आणि दगडावर आदळणाऱ्या कोयत्याचा तुकडा उडेल. खरी अडचण जुन्या पाट्याचीच. वर्षानुवर्षे वाकून त्यात पडलेल्या बारीक भेगा कोणत्याही पाण्याने सांधत नाहीत. शक्य असेल तिथे कोरी पट्टी घ्यावी आणि कोमट तेलात विझवावी.