साध्या ट्रकचं केबिन : अमरावती ते अकोला

मूर्तिजापूरजवळच्या ढाब्यावर थांबलो की मी ट्रकवाल्यांशी बोलतो. हा राष्ट्रीय महामार्ग 53. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला, तो इथलाच. रस्ता सुधारला, पण केबिनचं काय?

आपल्याकडे कित्येक ट्रक नुसत्या चेसिसवर घेतात. इंजिन, स्टिअरिंग कंपनीचं. लाकूड-पत्र्याचं केबिन स्थानिक बॉडीवाला बांधतो. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की बॉनेटवर हात ठेववत नाही. एका काकांनी सीटमागची फळी दाखवली : घडी केलेली सतरंजी, छोटा पंखा, खिडकीला ओला दुपट्टा. झोपायचं तिथंच, कारण खाली झोपलं की डिझेल चोरीला जातं.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालं. मला वाटलं, सगळे खूश असतील. काका म्हणाले, "एसी चांगलाच हाय भाऊ, पण डिझेल जास्त लागलं त मालक लावू देईन का?" शिवाय इंजिन बंद तर एसीही बंद, म्हणजे मुक्कामाच्या रात्री पुन्हा पंखाच. तरुण क्लिनरला मात्र एसी हवाच होता.

जुन्या गाड्यांना हा नियम नाही आणि रस्त्यावर बहुतेक त्याच आहेत. त्यांच्या छताला आतून उष्णतारोधक थर लावला तरी दुपार सुसह्य होईल. मालकांनो, तेवढं कराच!