गुडघा किती अंश वाकावा?

कंपासपेटीतला कोनमापक हाती घ्या आणि घरातील कोणाला तरी खुर्चीत बसायला सांगा. पाय सरळ असताना मांडी आणि नडगी एका रेषेत असतात. त्या रेषेपासून नडगी किती अंश मागे वळली, ते मोजा. उत्तर ९० अंशांच्या जवळपास येईल. आता त्याच माणसाला उकिडवे बसवा. कोन १३० ते १५० अंशांपर्यंत जाईल. सपाट रस्त्याने चालताना मात्र गुडघा जेमतेम ६० ते ७० अंश वाकतो.

हे तीन आकडे लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेतला एक मोठा वाद याच आकड्यांवर उभा आहे.

माझी आत्या जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिचा सारा जन्म उकिडवे बसून खुरपणी करण्यात आणि चुलीपुढे भाकरी थापण्यात गेला. साठी उलटली आणि गुडघे इतके दुखू लागले, की ओट्यावरून उतरणे कठीण झाले. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहून कृत्रिम सांधा बसवण्याचा सल्ला दिला. आत्याने एकच प्रश्न विचारला, "साहेब, मंग मला खाली बसता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "दुखणे कमी होईल, चालता येईल. पण खाली बसणे शक्यतो टाळा."

आत्या गप्प झाली. पंगत, कीर्तन, शेत, शौचास बसणे, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले असावे.

तरफेचा हिशेब

डॉक्टर असे का म्हणाले? चला, पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेली तरफ आठवू या.

६० किलो वजनाची व्यक्ती खाली बसू लागली आहे आणि मांड्या जमिनीला समांतर आल्या आहेत, असे समजा. प्रत्येक पायावर ३० किलो भार. हा भार गुडघ्याच्या मागे सुमारे २० सेंटिमीटरवर पडतो. त्याला तोलून धरतो मांडीचा पुढचा स्नायू. तो वाटीवरून येणाऱ्या कंडरेने नडगीला ओढतो. पण ही कंडरा सांध्याच्या मध्यापासून अवघी ४ सेंटिमीटर दूर असते. म्हणून ३० गुणिले २० भागिले ४, म्हणजे १५० किलो इतकी ओढ लागते! ही ओढ दोन्ही हाडे एकमेकांवर दाबते. शरीराचे वजन ६० आणि एका गुडघ्यावर त्याच्या अडीचपट दाब.

पूर्ण उकिडवे बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि थोडा भार उतरतो. खरा ताण असतो तो खाली जाताना आणि उठताना. खुरपणी करणारी बाई दिवसातून किती वेळा उठते-बसते, ते तुम्हीच मोजून पाहा.

निरोगी गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा झिजली की ती पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षांचे कष्ट ही झिजेची मुख्य कारणे.

वाद कशाचा?

कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडाला बहुधा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे टोपण बसवतात. नडगीवर धातूची बैठक आणि तिच्यावर दाट पॉलिथिलिनची चकती असते. आजच्या गुडघ्यांची मूळ घडण १९७० च्या दशकात अमेरिका आणि युरोपात झाली. तिथला माणूस खुर्चीवर बसणारा. त्यामुळे ११० ते १२० अंश वाकणारा सांधा पुरेसा वाटला.

आपल्याकडे हे पुरे कसे पडावे? पुण्यात १९६५ साली रुग्णालय सुरू करणारे अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या बसण्या-उठण्याचा विचार करून 'इंडस' नावाचा गुडघा घडवला. परदेशी कंपन्यांनीही जास्त वाकणारे गुडघे बाजारात आणले.

मग प्रश्न सुटला का? नाही. गुडघा जसजसा अधिक वाकतो, तसतसा धातूच्या टोपणाचा मागचा कडेचा भागच चकतीवर टेकतो. समजा, २०० किलो बल ४ चौरस सेंटिमीटरवर पडले, तर दाब ५०. तेच बल १ चौरस सेंटिमीटरवर आले, तर २००. बल तेच, दाब चौपट! शिवाय टोपण हाडापासून उचकटले जाण्याची भीती.

२००७ साली कोरियातील शल्यविशारदांनी अशा ७२ गुडघ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी ३२ महिन्यांत त्यांतील २७ गुडघ्यांचे टोपण सैल झाले होते. सैल झालेल्यांत उकिडवे किंवा मांडी घालून बसणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. इतर काही पाहण्यांत मात्र असे आढळले नाही. आणखी एक गोष्ट दिसून आली. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे बऱ्याच अंशी तो आधी किती वाकत होता यावरच ठरते.

२०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. आकडा दिलासा देणारा आहे. पण तो खुर्चीवर बसणाऱ्या देशांतील नोंदींवरून काढलेला आहे, हे विसरू नका.

पैशाचाही प्रश्न होताच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सुमारे १ लाख ५८ हजारांना मिळणारा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्यामुळे कर वगळून सुमारे ५५ हजारांवर आला. तरीही रुग्णालयाचा खर्च निराळा.

निर्णय कोणाचा?

आत्याने आधी वजन उतरवले आणि मांडीच्या स्नायूचे व्यायाम केले. झीज थोडी असेल, तर कित्येकांना एवढ्यानेही आराम पडतो. तिला पुरेसा पडला नाही. शेवटी तिने एका गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आता ती बाजेवर बसून जेवते, कीर्तनाला खुर्ची नेते आणि देवळापर्यंत चालत जाते. खुरपे मात्र सुटले. "पाय मिळाले, बसणं गेलं," असे ती म्हणते.

हा सौदा योग्य होता का? याचे उत्तर एकट्या डॉक्टरांना देता येणार नाही आणि सूत्रालाही नाही. अधिक वाकणे आणि अधिक टिकणे यांची ओढाताण सूत्र दाखवते. पण कशाला किती किंमत द्यायची, हे तो गुडघा वापरणाऱ्यानेच सांगायचे असते. म्हणून रुग्णाने "मी दिवसभर कशी बसते" हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

आणि गुडघा झिजूच नये म्हणून? परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर काम झाले आहे. सायकल कोळप्याने उभ्याने तण काढता येते. येत्या सुट्टीत आपल्या शेतात एक तास बसा. खुरपणी करणारी बाई किती वेळा उठली-बसली, ते वहीत मांडा. मग वरचा तरफेचा हिशेब तिच्या वजनाने करून पाहा. उत्तर आले की वहीसकट घरी दाखवा. कदाचित पुढच्या हंगामात तुमच्या घरी उभ्याने चालवायचे कोळपे येईल.